दोन वाटे तांदूळ, एक वाटा मूग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवी म्हणून माझी ओळख आताच करून दिली गेली. विषय मात्र गणिताचा आहे, आणि तोही स्वयंपाकघरातल्या गणिताचा. म्हणून सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मी बी. ए. झालो तो कवितेच्या ओढीनं जेवढा, तेवढाच गणिताच्या धाकानं. आमच्या वेळी दहावीत गणितानं डोळे वटारले की मुलगा मुकाट्यानं कला शाखेकडे वळायचा आणि घरचे लोक पाहुण्यांना सांगायचे, ‘त्याला पहिल्यापासून साहित्याची आवड आहे.’ मला आवड होतीच. पण भीतीही होती. ती भीती चाळीस वर्षं अंगात राहिली. ती थोडी सैल कशी झाली, ते आज सांगायचं आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भज्यांची एक गाडी लागते. एरवीही गर्दी असते, पण रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचा तासभर तिथे उभं राहायला जागा नसते. गाडीवाल्याचा मुलगा सातवीत होता. शाळा सुटली की तो बापाच्या हाताखाली यायचा. बाप कढई सांभाळणार, मुलगा काटा आणि गल्ला. त्या दिवशी मी दीड पाव कांदाभजी मागितली. भाव पावाला साठ रुपये. मी दोनशेची नोट पुढे केली. भजी काट्यावर पडायच्या आत तो म्हणाला, “नव्वद झाले चाचा, हे घ्या एकशे दहा.” लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दोन दिवसांनी त्याचा बाप घरी आला. मुलगा चाचणी परीक्षेत गणितात नापास झाला होता आणि शाळेतून चिठ्ठी आली होती. बाप म्हणाला, “भाईसाब, तुम्ही लिहिणारे-वाचणारे लोक. मला वाटतं, याच्या डोक्यात हिशेब बसतच नाही. उगाच शाळेत अडकवून काय उपयोग? गाडीवर पूर्णवेळ घेतो. जाण्याआधी एकदा तुम्ही वही बघा.”

मी वही पाहिली. एक उदाहरण होतं : ०.३७५ गुणिले २४०. मुलानं उत्तर लिहिलं होतं, ९०००. खाली लाल फुली.

मी मुलाला विचारलं, “अरे, परवा दीड पाव भज्यांचे किती घेतलेस माझ्याकडून?”

“नव्वद.”

“किलोचा भाव काय पडतो?”

“दोनशे चाळीस.”

“मग हेच तर विचारलंय इथे.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग समजूत घातल्यासारखं म्हणाला, “ते भज्यांचं होतं चाचा. हे गणित आहे.”

श्रोतेहो, या एका वाक्यानं मला माझ्या अम्मीच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं.

माझी अम्मी शाळेत गेली नव्हती. पण मोहल्ल्यात कुणाकडे बिस्मिल्ला असो, चाळिसावा असो, बायका तिला विचारायला यायच्या : इतकी माणसं आहेत, तांदूळ किती घ्यायचा? अम्मी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायची आणि सांगायची. आठ माणसांना किलो, हा तिचा ठोकताळा. साठ माणसं म्हणाल तर साडेसात किलो. त्याच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मी आठवीतलं त्रैराशिक सोडवत असे. चाळीस माणसांना पाच किलो धान्य, तर साठ माणसांना किती? मी सूत्र उलटं मांडायचो आणि उत्तर काढायचो : तीन पूर्णांक एक तृतीयांश किलो. माणसं वाढली आणि धान्य कमी झालं! अम्मीला हे ऐकवलं असतं तर ती हसत सुटली असती आणि मग माझी चूक कुठे झाली, हे तिनं तांदळावर हात ठेवून दाखवलं असतं. पण मी तिला कधी विचारलं नाही. तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणजे तिला गणित येत नाही, असं मी धरून चाललो होतो. तीही तसंच समजत होती. ‘मुझे क्या मालूम रे, तेरी किताब का हिसाब,’ म्हणायची. दोन हातांच्या अंतरावर दोन गणितं बसली होती आणि त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. अम्मी गेली. ती ओळख करून द्यायची राहूनच गेली.

हे फक्त आमच्या घरात किंवा आमच्या गल्लीत घडतं असं नाही. ब्राझील देशात रेसिफे नावाचं शहर आहे. तेरेझिन्या नुनेस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तिथल्या बाजारात माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. बारा वर्षांच्या एका नारळवाल्या मुलाला दहा नारळांची किंमत विचारली. एक नारळ पस्तीसला. शाळेत शिकवतात तसं पस्तीसवर शून्य त्यानं दिलं नाही. तिनाचे एकशे पाच, आणखी तिनाचे मिळून दोनशे दहा, अशा टप्प्यांनी तो साडेतीनशेवर पोचला. या मुलांची बाजारातली उत्तरं शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर होती. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांनी मांडून दिले, तेव्हा बरोबर उत्तरं शंभरात सदतीसवर आली.

मुलं पाचच होती, म्हणून कुणी म्हणेल की हा योगायोग. पण २०२५ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आपल्याच देशातला मोठा अभ्यास आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून जास्त मुलांना तपासलं. निष्कर्ष तोच. बाजारात पटापट हिशेब करणारी मुलं वहीतल्या सोप्या उदाहरणांपाशी अडत होती. दुसरी बाजू तर आपल्या डोळ्यांत अंजन घालणारी आहे. फक्त शाळेत जाणारी, वहीत बरोबर उत्तरं लिहिणारी मुलं बाजारातला हिशेब मांडताना गडबडत होती. म्हणजे एकाच्या हातात गणित आहे पण वहीत नाही, आणि दुसऱ्याच्या वहीत आहे पण हातात नाही. मधला पूल आपोआप बांधला जात नाही. तो कुणाला तरी बांधावा लागतो.

मी ठरवलं, आपण बांधू. आणि पहिल्याच प्रयत्नात फसलो.

रविवारी त्या मुलाला घरी बोलावलं. माझी चौथीतली नात होतीच. पत्नीनं शंकरपाळ्यांचं पीठ भिजवलं. मुलांनी लाटलं, कापलं, मोजलं, खाल्लं. दोघं खूश. मीही खूश. चार रविवार असेच गेले. पाचव्या रविवारी वही उघडली तर फुल्या जिथल्या तिथे. पत्नी म्हणाली, “तुम्ही त्यांना शंकरपाळ्या शिकवल्यात. गणित कुठे शिकवलंत?”

तिचं म्हणणं खरं होतं. हल्ली ‘खेळातून गणित’, ‘खाऊतून गणित’ असं फार बोललं जातं. पण खाऊ पोटात जातो आणि गणित ताटातच राहतं. मग आम्ही एक शिस्त घातली : हात, तोंड, वही. आधी हातानं करायचं. मग काय केलं ते आपल्या घरच्या बोलीत तोंडानं सांगायचं. मग तेच वहीत चिन्हांनी लिहायचं. आणि शेवटी खाऊ बाजूला सारून तसंच एक उदाहरण नुसत्या कागदावर सोडवायचं. चारही पायऱ्या झाल्याशिवाय घास नाही. चुलीजवळचं आणि सुरीचं काम मोठ्यांनी करायचं, हे ओघानं आलंच.

पहिली पाळी आली भाकरीची. नातीला विचारलं, एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश? ती म्हणाली, अष्टमांश. आठ मोठे ना चारापेक्षा! पत्नीनं सारख्या आकाराच्या दोन भाकरी तिच्यापुढे ठेवल्या. एकीचे चार तुकडे केले, दुसरीचे आठ. “भूक लागलीय ना? मोठा तुकडा उचल.” हात बरोबर जागी गेला. मग तोंडानं सांगणं आलं : “जास्त जणांत वाटली की वाटा लहान होतो.” हेच वाक्य तिनं वहीत लिहिलं आणि त्याखाली १/८ आणि १/४ यांच्यामध्ये लहान-मोठ्याचं चिन्ह काढलं. आपल्या मराठीचं मला इथे फार कौतुक वाटलं. अर्धी भाकरी, तिच्या निम्मी चतकोर आणि चतकोराहूनही लहान तुकडा म्हणजे नितकोर. अपूर्णांकाचे शब्द आपल्याकडे भाकरीनंच दिलेले आहेत. आपण ते फळ्यापर्यंत नेत नाही एवढंच.

तुकडे सारखे हवेत, हे अपूर्णांकातलं पहिलं कलम. तेही भाकरीनंच शिकवलं. नियम असा की एकानं तुकडे करायचे आणि दुसऱ्यानं आधी निवडायचं. मग कापणारा हात इतका काटेकोर होतो, की कंपासपेटीची गरज पडत नाही.

रमजान होता, त्यामुळे खजूर रोज समोर असायचा. आमच्याकडे खजूर विषम संख्येनं खायची रीत आहे : तीन, पाच, सात. विषमला उर्दूत ताक म्हणतात आणि समला जुफ्त. नातीनं एकदा दस्तरखानावरच विचारलं, “नानाजान, तुम्ही तीन खाल्ले, मी पाच. दोघांचे मिळून आठ. आठ तर ताक नाहीत!” दुसऱ्या दिवशी पाच आणि सात घेऊन पाहिले, तिसऱ्या दिवशी सात आणि सात. दर वेळी बेरीज जुफ्तच. का? दोघांनीही आपापले खजूर जोडीजोडीनं मांडले. प्रत्येकाकडे एक एकटा उरला. ते दोन एकटे एकमेकांची जोडी झाले. दोन विषम संख्यांची बेरीज नेहमी सम असते, याची ही पक्की सिद्धता आहे. मला ती पन्नाशी उलटल्यावर कळली.

आता त्या मुलाच्या दीड पावाकडे येऊ. एक संध्याकाळ मी गाडीपाशीच उभा राहिलो. इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्यानं दीड पाव भजी ठेवली. मी विचारलं, “काट्यावर काय दिसतंय?”

त्यानं पाहिलं. तिथे लाल आकड्यांत ०.३७५ उमटलं होतं.

रोज संध्याकाळी पंचवीस-तीस वेळा हा आकडा त्याच्या डोळ्यांसमोर येत होता. पण त्यानं तो वाचला नव्हता. वाचायची गरजच पडली नव्हती. त्याच्या तोंडात ‘दीड पाव’ होता आणि हिशेब तोंडातल्या तोंडात होत होता. तो काट्याकडे बघतच म्हणाला, “हे वहीतलं आहे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही किलोभर बेसनाचे आठ सारखे वाटे केले. दोन वाट्यांचा पाव, तीन वाट्यांचा दीड पाव. म्हणजे आठांतले तीन, तीन अष्टमांश. काट्यावर तेच ०.३७५. दीड पाव, ३/८, ३७५ ग्रॅम, ०.३७५ किलो. मी त्याला म्हटलं, माणसाला घरी एक नाव असतं, शाळेच्या पटावर दुसरं, आणि आमच्यासारख्यांना तखल्लुस असतं ते तिसरं. माणूस एकच. त्यालाही पटलं. मग वहीतल्या ९००० कडे वळलो. मी म्हटलं, “आधी गुणाकार करू नकोस, अंदाज सांग.” तो म्हणाला, “अर्धा किलोचे एकशे वीस. दीड पाव त्याहून कमी. म्हणजे एकशे वीसच्या आत.” मग स्वतःच ९००० वर काट मारली. ‘नऊ हजारांत तर गाडी येईल चाचा!’

या घोटाळ्याला थोडा इतिहासही आहे. आपली जुनी मोजमापं अर्ध्या-अर्ध्यानं चालायची. दोन कोळव्यांचं एक चिपटं, चार चिपट्यांचा शेर, चार शेरांची पायली. रुपयाचे आणे सोळा. म्हणून शाळेत नुसते पाढे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी होती. औट म्हणजे साडेतीन. उर्दू-हिंदीकडेही सवैया, ढैया होतेच. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले. ते योग्यच झालं; हिशेब सोपे झाले. दिडकी-औटकी शाळेतून गेल्या. पण जिभेवरून पाव, सवा, दीड, अडीच गेले नाहीत. आज आपली मुलं दोन्हीकडे राहतात : तोंडात दीड पाव आणि काट्यावर ०.३७५. या दोहोंमधली वाट कुणी दाखवली नाही, तर चूक मुलाची कशी?

आता तुम्हाला वाटेल, हे स्वयंपाकघरातलं गणित म्हणजे खालच्या इयत्तेचं, कच्च्या मुलांसाठीचं काहीतरी असावं. मलाही तसंच वाटत होतं. एकदा वाचनालयात ‘लीलावती’चा मराठी अनुवाद हाती लागला. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेला हा ग्रंथ पद्यात आहे, हे मला तेव्हाच कळलं. गणिताला घाबरून कवितेकडे पळालेल्या माणसाला गणित कवितेतच भेटावं!

आणि हे भास्कराचार्य आपल्याला काही लांबचे नाहीत. आपल्या छत्रपती संभाजीनगरहून निघून कन्नडचा घाट उतरला की चाळीसगावच्या अलीकडे पाटण आहे, पाटणादेवीचं. तिथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून तिथे मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं, असं तो लेख सांगतो. लेखातला काही भाग जुन्या मराठीत आहे. त्यात गावच्या बाजारपेठेतल्या देवघेवीवरचे हक्क मठाला लावून दिले आहेत, घाण्याच्या तेलाचा वाटाही त्यात आहे. गणिताची शाळा गावच्या तेलावर आणि धान्यावर चालत होती.

‘लीलावती’ची सुरुवातच नाण्यांच्या, वजनांच्या आणि धान्याच्या मापांच्या कोष्टकांनी होते. पुढे एक उदाहरण आहे. ते वाचून मी पुस्तक मिटवून थोडा वेळ बसून राहिलो. एक वाटसरू वाण्याकडे येतो. एका द्रम्माला तांदळाची साडेतीन मापं मिळतात, मुगाची आठ. वाटसरूकडे तेरा काकिणी आहेत. चौसष्ट काकिणींचा एक द्रम्म. त्याला दोन वाटे तांदूळ आणि एक वाटा मूग हवा आहे. आणि लवकर हवा आहे, कारण जेवून निघायचं आहे, सोबती पुढे निघून जातील.

भास्कराचार्यांनी खिचडी हा शब्द घातलेला नाही. पण दोन वाटे तांदूळ आणि एक वाटा मूग ही माझ्या अम्मीची खिचडी आहे. ‘दो हिस्से चावल, एक हिस्सा मूंग,’ हे तिचं वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं. साडेआठशे वर्षांपूर्वीचा तो वाटसरू आणि माझी निरक्षर अम्मी एकाच मापानं मोजत होते.

याच ग्रंथात आणखी एक प्रश्न आहे : गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट आणि कडू असे सहा रस. एक-एक, दोन-दोन, तीन-तीन असे घेत गेलं तर वेगवेगळे किती पदार्थ होतील? एकेका रसाचे सहा, दोन रसांचे पंधरा, तिहींचे वीस, चारांचे पंधरा, पाचांचे सहा आणि सहाही रसांचा एक. एकूण त्रेसष्ट. आमच्या नातीनं हाच हिशेब चिंच, गूळ, मिरची, मीठ, लिंबू आणि कांदा घेऊन भेळेवर केला. दोन-दोनच्या पंधरा जोड्या तिनं स्वतः लिहून काढल्या. ‘गूळ-कांदा’ या जोडीला तिनं नाक मुरडलं, पण यादीतून वगळली नाही. शास्त्र असंच असतं.

आणि एक नाव सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत आणली. फैजी कवी होता. तेव्हा कवींनी गणितापासून लांब राहावं, ही आपल्याकडची जुनी रीत नाही. ती माझ्यासारख्यांनी पाडलेली आहे.

एका रविवारी त्या मुलाला मी वाटसरूचा प्रश्न घातला. काकिणी आणि द्रम्म त्याला सांगून टाकले. त्यानं आधी तांदूळ आणि मूग वाटीनं मोजले, दोनास एक. मग वहीत : दोन मापं तांदळाचे पैसे किती, एका माप मुगाचे किती, दोन्ही मिळून किती. भाग जाईना तेव्हा तो वैतागला, मीही वैतागलो. दीड तास लागला. शेवटी उत्तर आलं : तांदूळ सात द्वादशांश माप, मूग सात चोविसांश माप. तांदळाच्या दहा पूर्णांक दोन तृतीयांश काकिणी, मुगाच्या दोन पूर्णांक एक तृतीयांश. त्यानं दोन्हींची बेरीज केली. तेरा. मग म्हणाला, “चाचा, मूग बरोबर तांदळाच्या निम्मे आहेत. जमलं.” उत्तर ताडून बघायला त्यानं पुस्तकाची मागची पानं उलटली नाहीत. खिचडीनंच ताडून दिलं.

त्याच खिचडीनं एक सावधगिरीही शिकवली. मी विचारलं, एक अंडं उकडायला दहा मिनिटं लागतात, तर सहा अंड्यांना किती? नात म्हणाली, एक तास. मुलगा हसला : “सगळी एकाच पातेल्यात टाक की!” तांदूळ चौपट झाला तरी वेळ चौपट होत नाही, आणि मोठ्या पातेल्यात पाणीही अगदी चौपट लागत नाही. त्रैराशिक कुठे लावायचं आणि कुठे लावायचं नाही, हे वहीतल्या उदाहरणात कळत नाही. कारण तिथे ते लावण्यासाठीच दिलेलं असतं. हे पातेलंच शिकवतं.

मी काही नवं सांगत नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण, अर्थात नई तालीम, हा विचार तिथे मांडला गेला आणि त्याचा अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. सेवाग्रामच्या आवारात २००५ पासून आनंद निकेतन शाळा चालते. तिथली मुलं भाजी पिकवतात, स्वयंपाकही करतात, आणि त्या कामातून त्यांचे विषय शिकतात. मुलगे आणि मुली, दोघंही. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘पोराला चुलीजवळ कशाला बसवता’ असं आमच्या गल्लीतही दोघा-तिघांनी विचारलं होतं.

प्रत्येक शाळेला सेवाग्राम होता येणार नाही. पण बहुतेक शाळांच्या आवारात दुपारी पोषण आहार शिजतोच. त्याचं प्रमाण ठरलेलं आहे : पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ. हा आकडा शिक्षकांच्या वहीत असतो. तो रोज सकाळी फळ्यावर का येऊ नये? आज पाचवीपर्यंतची ८६ मुलं हजर आहेत. तांदूळ किती काढायचा? आठ किलो सहाशे ग्रॅम. मुलांनी आधी अंदाज सांगावा, मग गुणाकार करावा, मग काट्यावर पाहावं. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना वर्गात बोलावून विचारावं, ‘तुम्ही कसं मोजता?’ मुलांना आपल्या घरातली बाई गणित करते हे कळेल, आणि त्या ताईंनाही ते कळेल. माझ्या अम्मीला ते कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

आता तुम्ही विचाराल, त्या मुलाचं काय झालं? चमत्कार झाला नाही. वार्षिक परीक्षेत तो गणितात पास झाला. गुण फार नव्हते. पण बापानं गाडीवर पूर्णवेळ घ्यायचा विचार सोडला. मुलगा आठवीत गेला. संध्याकाळी काट्यावर असतो, सकाळी शाळेत. परवा त्यानं मला एक चिठ्ठी दिली. त्यावर त्यानं स्वतः तयार केलेलं उदाहरण होतं : एका चाचांनी दीड पाव भजी घेतली, भाव किलोला दोनशे चाळीस. चाचांनी मदत केली म्हणून गाडीवाल्यानं दहा रुपये कमी घेतले. तर चाचांना शेकडा किती सूट मिळाली?

मी घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो. उत्तर अकरा पूर्णांक एक नवमांश टक्के. मला दहा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी गाडीवर जाऊन सांगितलं, तेव्हा तो भजी तोलता तोलता म्हणाला, “बरोबर आहे चाचा. पण सूट वहीतच आहे. इथे नव्वदच द्या.”